शुभदाताईशी उरलेलं भांडण

शुभदाताई, तुझ्या निरोपाला कोण कोण आलं होतं ते आधी सांगते, कारण तू तेच आधी विचारलं असतंस.

मराठी मंडळाची माणसं आली होतीच. पण दाहिनीशेजारचा तो छोटा हॉल भरला होता तो तुझ्या विद्यार्थ्यांनी. डेस बसचालकाच्या युनिफॉर्ममध्येच आला होता, ड्यूटीवरून थेट. ग्रेस धाकट्या मुलाला कडेवर घेऊन मागे उभी होती. बाकीचे कितीतरी जण मला ओळखू आले नाहीत. काहींचे केस तुझ्यापेक्षा पांढरे होते, आणि तेही तुला 'टीचर' म्हणत होते. आत जागा उरली नाही तेव्हा लोक बाहेर भुरभुर पावसात उभे राहिले, आणि कुणी कुरकुर केली नाही.

अरविंदराव दाराशी उभे होते. येणारा प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन इथल्या आयरिश रीतीप्रमाणे 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत होता. मध्येच ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मृणाल, ह्यावर काय म्हणायचं असतं गं? हिला विचारलं असतं." इतकी वर्षं इथं राहून मलाही ते माहीत नाही. "थँक्यू म्हणा," मी सांगितलं. मग ते प्रत्येकाला 'थँक्यू, थँक्यू' म्हणत राहिले, तुझ्या नवऱ्याला कुणी बक्षीस देत असल्यासारखे. तू पाहिलं असतंस तर हसत सुटली असतीस.

आपल्या कॉलेजची प्राचार्य फिनूला भाषण करायला उभी राहिली आणि दोन वाक्यांनंतर खाली बसली. बजेटच्या मीटिंगमध्ये समोरच्याला घाम फोडणारी बाई. तिला तसं बसलेलं पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं, की तू गेलीस.

आपली पहिली भेट मंडळाच्या गणपतीतली. शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये तू मसालेभात वाढत होतीस. माझी नोकरी नुकतीच गेली होती. कंपनीनं आमची अख्खी टीमच बंद केली होती. कुणी विचारलं की मी 'सध्या ब्रेक घेतलाय' असं सांगत होते. तुलाही तेच सांगितलं. तू डाव तसाच हातात धरून म्हणालीस, "ब्रेक घेतलाय की दिलाय?"

मला राग यायला हवा होता. पण त्या गर्दीत खरं विचारणारी तू एकटीच होतीस. मी म्हटलं, "दिलाय."

"मग मंगळवारी क्लोनडॉकिनला आमच्या कॉलेजात ये. कॉम्प्युटरचा एक वर्ग आहे आणि शिकवायला माणूस नाही."

"मला शिकवता येत नाही हो, ताई."

"बरंय की. येतं असं वाटणारे फार झालेत. आणि मला अहो-जाहो करू नकोस. इथं प्राचार्यांनासुद्धा नावानं हाक मारतात."

त्या कॉलेजविषयी माझं मत काही चांगलं नव्हतं. इथली बारावी म्हणजे लीव्हिंग सर्ट. तिच्यात ज्यांचे गुण कमी पडले, ज्यांनी शाळाच सोडली, ज्यांचा कारखाना बंद पडला, ज्या बायका मुलं मोठी करून पुन्हा घराबाहेर पडल्या, ते सगळे त्या कम्युनिटी कॉलेजात येतात. आम्ही राहतो त्या ॲडम्सटाउनमधल्या आमच्या ओळखीतलं एकही मूल तिथं जात नव्हतं. पहिल्या आठवड्यात तुला मी गाडीतून घरी सोडत होते, तेव्हा मी म्हणून गेले, "म्हणजे कुठंच जागा मिळाली नाही की इथं येतात ना?"

"होय की," तू म्हणालीस. "मीपण तशीच आले."

मग तुझी गोष्ट कळली. सोलापूरच्या तंत्रनिकेतनात तू इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचीस. अरविंदरावांना शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तू पाठोपाठ आलीस. तिथं अर्ज केलेस, मुलाखती दिल्यास. सगळे छान बोलायचे आणि पुढं काही व्हायचं नाही. शेवटी तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात तू विद्यार्थिनी म्हणून नाव घातलंस, का तर घरात बसून वेड लागायची पाळी आली होती. अर्ध्या वर्षात तिथली शिक्षिका सोडून गेली आणि वर्गातल्याच बायकांनी सांगितलं, आम्हांला शुभदा शिकवेल, ती तसंही आम्हांला शिकवतेच आहे. पुढं तुम्ही इकडं राहायला आलात आणि तू ह्या कॉलेजात आलीस.

"ह्या देशात सगळे माझ्याशी गोड बोलले," तू मला म्हणालीस. "पण 'आत या, बसा' असं पहिल्यांदा त्या कॉलेजनं म्हटलं."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तुझी आणि माझी भांडणं पाहून फिनूला चक्रावून जायची. साठीला टेकलेली तू नव्या तंत्रज्ञानाची भक्त, आणि सॉफ्टवेअरमधून आलेली मी त्याच्यावर संशय घेणारी. कॉलेजात काहीही नवं आलं की पहिला हात तुझा. तास रेकॉर्ड करून ठेवायचे, तू तयार. बोललेलं पडद्यावर आपोआप लिहून येणार, तू तयार. त्या यंत्राला तुझं सोलापुरी वळणाचं इंग्रजी कळायचं नाही. तू 'व्होल्टेज' म्हणालीस की पडद्यावर 'ओल्ड एज' उमटायचं. वर्ग हसायचा आणि तू सगळ्यांत जास्त हसायचीस.

मी म्हणायचे, तास रेकॉर्ड केलेस की वर्ग रिकामा होतो. आणि तो झालाही. एका सोमवारी माझ्यासमोर जेमतेम अर्धा डझन माणसं होती. मी तणतणत स्टाफरूममध्ये आले. तू प्रेसमधून कप काढत होतीस. कपाटाला 'प्रेस' म्हणायला तू इथं आल्या आल्या शिकली होतीस. तू विचारलंस, "जे आले नाहीत ते कुठं आहेत, माहीत आहे का तुला?"

"झोपले असतील."

"मी विचारलं. दोघं गोदामात शिफ्टला आहेत, एकीचं मूल तापानं फणफणलंय. ते सगळे आठवड्यात कधीतरी तुझा तास ऐकतील. रेकॉर्ड नसता केला तर त्यांचा तो गेलाच होता."

पटलं होतं. पण तुला तसं सांगितलं तर पुढचे आठ दिवस तू मिरवली असतीस. म्हणून नुसता चहा घेतला.

डेसचं तर तू कुणाला कळूही दिलं नाहीस. पन्नाशीचा माणूस, बसचालकाची परीक्षा द्यायची होती, आणि दर वेळी चष्मा घरी विसरायचा. आम्हांला वाटायचं, विसराळू आहे. तुला दुसऱ्या तासाला समजलं, की युअर मॅनला, म्हणजे इथल्या भाषेत 'ह्या बाबाला', वाचताच येत नाही आणि तो ते मरेपर्यंत सांगणार नाही. तू त्याला एकट्याला बाजूला घेतलं नाहीस. अख्ख्या वर्गाला हेडफोन दिलेस, मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या मशीनवर घातलंस आणि जाहीर केलंस, की ह्या टर्मला आपण कानांनी शिकणार आहोत. सगळे ऐकत होते, त्यात डेसही ऐकत होता. अक्षरओळखीच्या वर्गाला तो पुढच्या वर्षी आपणहून गेला. मला हे तू नाही, त्यानं सांगितलं, तुझ्या निरोपानंतर, सँडविचची बशी हातात धरून. मी तिथंच रडले आणि तो बिचारा मला नॅपकिन आणून देत राहिला.

आणि मग ग्रेस. काँगोहून आलेली, दोन मुलांची आई, नर्सिंगपूर्वच्या कोर्समध्ये तुझ्या आवडीची. त्या कोर्समध्ये चांगले गुण मिळाले तरच तिला नर्सिंगच्या पदवीला जागा मिळणार होती. त्याच वर्षी कॉलेजनं एक सॉफ्टवेअर घेतलं, लिहिलेलं माणसाचं आहे की यंत्राचं हे ओळखणारं. वृद्धांच्या देखभालीवरचा ग्रेसचा निबंध त्याच्यातून गेला आणि त्यानं लाल झेंडा दाखवला.

फिनूलाच्या खोलीत आपण चौघी बसलो होतो. फिनूलानं सरळ विचारलं, "ग्रेस, हे तू लिहिलंस का?"

 ग्रेस म्हणाली, "हो. आणि नाही."

मला वाटलं, संपलं. पण तू पुढं झुकून म्हणालीस, "दोन्ही सांग."

तिनं सांगितलं. कामावरून घरी जाताना बसमध्ये ती फोनशी बोलायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं फ्रेंचमध्ये. फोन ते लिहून घ्यायचा. पण त्या मोडक्यातोडक्या भाषेची तिला लाज वाटायची. मग ती एका चॅटबॉटला सांगायची, हे नीट इंग्रजी करून दे. "बोललेलं सगळं माझं आहे," ती म्हणाली. "फक्त त्याचे कपडे माझे नाहीत."

फिनूलानं कपाळावर हात फिरवला. "शुभदा, नियम स्पष्ट आहे."

"ग्रँड," तू म्हणालीस, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे'. "फोनशी बोलून लिहायला हिला मी शिकवलं. नियमात माझ्यासाठी काय आहे?"

"हा विनोदाचा विषय नाही."

"मी विनोद करत नाहीये. विद्यार्थिनीशी बोलून बघायला नियमात बंदी आहे का, एवढंच सांग."

बंदी नव्हती. ती कुणाला सुचलीच नव्हती. दोन दिवसांनी आपण तिघी तिच्यासमोर बसलो. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "निबंधात काय आहे ते मला सांग. मध्ये फ्रेंच आलं तरी चालेल." पहिल्यांदा ती अडखळली, पाणी मागितलं, मुद्दा उलटा सांगितला, मग स्वतःच दुरुस्त केला. मग तिच्या आजीविषयी बोलायला लागली. शेवटची काही वर्षं आजीला कुणी काही विचारतच नव्हतं, जेवू घालायचे, झोपवायचे, पण विचारायचे नाहीत, आणि म्हणून आपल्याला नर्स व्हायचंय, असं ती म्हणाली. निबंधात आजी नव्हती. यंत्रानं नीटनेटकं करताना आजीला काढून टाकलं होतं. फिनूलानं खिडकीकडे तोंड केलं होतं, पण तिचे कान इकडेच होते.

ग्रेसला निबंध पुन्हा लिहायची परवानगी मिळाली. तिनं तो आपल्यासमोर बसून, तिच्या मोडक्या इंग्रजीत लिहिला, आजीसकट. ती पास झाली.

त्या दिवशी गाडीत मी सीटबेल्ट लावायच्या आधीच सुरू झाले. "बघितलंस? तुझ्या टेक्नॉलॉजीनं तिची जागा घालवली असती."

"आणि माझ्या टेक्नॉलॉजीशिवाय ती काही लिहिणारच नव्हती," तू म्हणालीस.

दोन्ही खरं होतं, हीच पंचाईत. तिथून पुढं आपलं ते मोठं भांडण सुरू झालं, जे कधी संपलंच नाही. तुझं म्हणणं, सगळ्यांना यंत्र उघडपणे वापरू द्या, लपवाछपवी बंद करा, आणि मग प्रत्येकाला दहा मिनिटं समोर बसवून त्यानं काय लिहिलंय ते विचारा. माझं म्हणणं, वर्गातच, हातानं, आमच्यासमोर लिहू दे, बाकी काही नको. मी म्हणायचे, प्रत्येकाशी बोलायला आपल्याकडे वेळ कुठं आहे? तू म्हणायचीस, निबंध तपासायचं काम यंत्रावर टाक, वेळच वेळ. मी म्हणायचे, हातानं लिहिताना माणूस विचार करतो. तू म्हणायचीस, ज्याला लिहिताच येत नाही त्यानं विचारच करायचा नाही का? क्लोनडॉकिनचा तुझा रस्ता यायचा, मी गाडी थांबवायचे, आणि तू दार उघडं ठेवून आणखी एक मुद्दा सांगत उभी राहायचीस. आत गारठा यायचा. एकदा अरविंदराव स्वेटर घेऊन बाहेर आले होते, तुला वाटलं तुझ्यासाठी, पण तो त्यांनी मला दिला.

मग तुझं दुखणं आलं. तपासणी झाली की मी फोन करायचे आणि तू म्हणायचीस, "ऑल ग्रँड." इथल्या माणसांचा हा शब्द तू इतका पक्का उचलला होतास की त्याच्याआड काय आहे ते मला कळायचं नाही. अरविंदरावांच्या आवाजावरून कळायचं.

वर्ग मात्र तू सोडला नाहीस. तू घरी खुर्चीत, आणि आम्ही वर्गात, समोरच्या मोठ्या पडद्यावर तू. पुढं हॉस्पिटलमधूनही दोन-तीनदा घेतलास. मुलं हात हलवायची, तू त्यांना नावं घेऊन ओरडायचीस. मला वाटलं, आता तर तू म्हणणार, बघ, माझं यंत्र किती कामाचं. पण एका दुपारी तुझा फोन आला, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"मृणाल, पडद्यावर चेहरे टिकलीएवढे दिसतात गं. कुणाला समजलं नाही हेच समजत नाही. मी बोलत सुटते आणि समोर कोण हरवलंय ते दिसत नाही."

हे मी तुला किती वर्षं सांगत होते! जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. मी म्हटलं, "अगं, पण ती कोपऱ्यात बसणारी पोलिश मुलगी आहे ना, जिनं अख्ख्या वर्षात तोंड उघडलं नाही? तुझ्या तासाला ती चॅटमध्ये प्रश्नांवर प्रश्न लिहिते. समोर बसलेलं असताना तिला कधी जमलं नसतं."

 तू म्हणालीस, "म्हणजे तू माझ्या बाजूला गेलीस की काय?"

"आणि तू माझ्या?"

"मग आता भांडायचं कुणाशी?" तू हसायला लागलीस, हसता हसता खोकला आला, आणि अरविंदरावांनी फोन घेतला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझ्या त्या शेवटच्या महिन्यांत एका कंपनीनं मला बोलावलं होतं. जुनं काम, जुना हुद्दा, इथल्यापेक्षा खूप जास्त पगार. मी नाही म्हटलं. तुझ्या खाटेशेजारी बसले होते तेव्हा सांगावंसं वाटत होतं. पण तू चिडली असतीस. म्हणाली असतीस, वेडी आहेस का, घराचे हप्ते कोण भरणार? आणि मला त्या दिवशी तुला चिडवायचं नव्हतं. तू डोळे मिटून पडली होतीस. मध्येच डोळे उघडून विचारलंस, "ग्रेसचं?" मी म्हटलं, "सप्टेंबरपासून नर्सिंग सुरू. जागा पक्की." तू मान हलवलीस. तेवढ्यानं तुझा चेहरा इतका मऊ झाला, की माझी बातमी त्यापुढं सांगावीशी वाटली नाही. आता सांगते. तू मला त्या मंगळवारी बोलावलंस तेव्हा मला वाटलं होतं, दुसरी नोकरी मिळेपर्यंत तात्पुरतं काम आहे. दुसरी मिळाली, आणि मला ती नको होती. हे तुझं काम आहे, ताई. ह्याचे आभार मानायचे असतात हे मला तू असताना सुचलं नाही, कारण तू असताना आपण सदैव भांडत होतो.

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीच्या मूल्यमापनाची मीटिंग झाली. फिनूलानं तुझा आणि माझा, असे दोन्ही प्रस्ताव ठेवले. मी माझा मांडला. नीट, मुद्देसूद. मग तुझ्या प्रस्तावाची वेळ आली आणि कुणीच उठलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते. मग मीच पुन्हा उठले आणि तुझी बाजू मांडली. तुझे सगळे मुद्दे मला पाठ होते. गाडीत ऐकून ऐकून झालेले. 'ज्याला लिहिता येत नाही त्यानं विचार करायचा नाही का' हे म्हणताना माझा आवाज तुझ्यासारखा चढला. फिनूला मध्येच म्हणाली, "मृणाल, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?"

मतदान झालं. तुझा प्रस्ताव जिंकला, थोडक्यात, पण जिंकला. मत मात्र मी माझ्याच बाजूनं दिलं. तू गेलीस म्हणून तुला मत दिलं असतं, तर तूच माझ्यावर सगळ्यांत जास्त रागावली असतीस.

काल मी तुझी पद्धत करून पाहिली. बंद पडलेल्या कारखान्यातून आलेल्या एका माणसाला समोर बसवलं. दहाही मिनिटं तो त्याच्या कुत्र्याविषयी बोलला. मी आभार मानले. तो उठला, दाराशी गेला, कडीवर हात ठेवला, आणि तिथं उभं राहून त्याच्या निबंधाविषयी सगळं सांगून मोकळा झाला. म्हणजे दहा मिनिटं कमी पडतात, ताई. काही माणसांना नुसतं बसायलाच दहा मिनिटं लागतात. ही तुझ्या प्रस्तावातली मोठी चूक आहे आणि ती इतकं भांडूनही आपल्या दोघींना दिसली नाही.

ह्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. त्यावर माझं उत्तरही तयार आहे. त्याच्या पुढचं मात्र तुझ्याशिवाय सुचत नाही.